सिगारेट सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने: जागा लिहा, एकेक खोडा

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्याच्या गेटासमोर एक गाडा आहे. एकोणीस वर्षांत मी तिथे तोंड उघडून सिगारेट मागितल्याचं आठवत नाही. स्कूटर स्टँडवर लागेपर्यंत गाडेवाला एक सुटी काढून बरणीच्या झाकणावर ठेवायचा, शेजारी काडेपेटी. गेल्या श्रावणातल्या पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हाही ती झाकणावर तयार होती. "आज नाका," म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, सिगारेट उचलून परत पाकिटात घातली आणि चहा ओतला. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर बघतो तर ती पुन्हा झाकणावर. सवय माझ्या एकट्याची नव्हती, त्यालाही लागली होती.

मला जे सांगायचंय ते त्या झाकणावरच आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं आणि दोन-तीन दिवसांत त्याचा निकाल लागतो. पण गाड्यावरचं झाकण, फेरीबोटीचा धक्का, नाटकाच्या तालमीतली विश्रांती, जेवणानंतरची ओसरी या जागा होत्या तिथेच राहतात, आणि सिगारेट खरी मुरलेली असते ती तिथे. त्यातल्या प्रत्येक जागेवरून एकदा रिकाम्या हाताने जाऊन यावं लागतं. पहिल्या वेळी जीव जातो, दुसऱ्या वेळी नुसती आठवण होते, चौथ्या-पाचव्या वेळी आपण तिथे होतो हेही लक्षात राहत नाही.

ज्यांचं सोडायचं ठरलंय, किंवा जे चार दिवसांपूर्वी सोडून आता घरातल्यांवर खेकसताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोडावी का, यावर मी बोलणार नाही, त्यासाठी पाकिटावरचं चित्र आहे. मी डॉक्टर नाही, एका कारखान्यातला सुपरवायझर आहे, दिवसाला बारा ओढणारा होतो. औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते एकदा तुमच्या डॉक्टरला विचारून मगच करा.

आधी कागद

सोडायच्या आठवडाभर आधी एक कागद घ्या आणि आपण कुठे कुठे ओढतो ते लिहा. "टेन्शन आलं की", "कंटाळा आला की" असलं लिहू नका, त्यातून हाती काही लागत नाही. जागा, वेळ आणि सोबत कोण, एवढंच. माझ्या कागदावर सतरा ओळी झाल्या. सकाळी संडासला जाण्याआधी, मागच्या दारी. गेटासमोरचा गाडा, शिफ्टच्या आधी आणि नंतर. कँटीनचं जेवण झालं की कंपाउंडबाहेर, मेंटेनन्सच्या दोघांबरोबर. रायबंदरचा फेरीधक्का, चोडणला बहिणीकडे जाताना. नाटकाची तालीम, दुसरा अंक संपला की देवळाच्या अग्रशाळेबाहेर. फोंड्याच्या बाजारात गाडी लावून बायकोची वाट बघताना. शनिवारी तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात.

लिहिताना एक गंमत कळते. बारापैकी सात-आठ सिगारेटी आपल्याला नकोच असतात, पाय तिकडे वळले म्हणून पेटतात. आणि उलटही बघा. फोंड्याहून पणजीला कदंब बसने जाताना अख्खा प्रवास मला कधी तलफ यायची नाही, पण बसस्टँडवर पाय टेकला की हात खिशात. गोव्यात सार्वजनिक ठिकाणी ओढायला आणि थुंकायला बंदी घालणारा कायदा १९९७ चा आहे, देशभरचे आताचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. बसमध्ये ओढायची सोयच नाही म्हटल्यावर शरीर तिथे मागतही नव्हतं. मागण्याची जागा त्याला ठाऊक होती.

आता प्रत्येक ओळीपुढे त्या वेळी काय करणार ते लिहा, आणि ते हाताला किंवा तोंडाला काम देणारं असू द्या. "मन घट्ट करीन" हे काम नव्हे. ती जागा रिकाम्या हाताने पार झाली की ती ओळ खोडायची. मला सगळ्यात जास्त कोणी तारलं असेल तर काकणांनी. सकाळी पोदेर सायकलवरून पाव आणतो त्यात उंडे, पोळ्या असतात आणि ते बांगडीच्या आकाराचं कडक काकण असतं. चहात बुडवल्याशिवाय ते दातांना दाद देत नाही. कोरडंच चावत बसलं तर एक संपायला आठ-दहा मिनिटं जातात, हात गुंततात, तोंड गुंततं आणि शर्टावर चुरा सांडतो तो झटकण्यात आणखी एक मिनिट. पहिला महिनाभर माझ्या स्कूटरच्या डिकीत प्लॅस्टिकच्या डब्यात चार काकणं कायम असायची. फुटाणे, बडीशेप, लवंग, सुकवलेला आवळा, जे रुचेल ते चालेल. गोड गोळ्या-चॉकलेटांपासून मात्र जपून, का ते पुढे येईलच.

शेवटचं काम म्हणजे सिगारेट पुरवणाऱ्यांना सांगून ठेवणं. दुसऱ्या दिवशी मी गाडेवाल्याला नीट सांगितलं, "मी मागितली तरी देऊ नको." तो हसला. "मागतलो तूं," म्हणाला. चौथ्या दिवशी मागितलीच. त्याने न बोलता फुटाण्यांची पुडी पुढे केली आणि पैसेही घेतले.

दिवस कोणता

तीन वर्षांपूर्वी मी १ जानेवारीला सोडली होती. नवं वर्ष, संकल्प वगैरे. ७४ दिवस निभावलं. मग मार्च आला, उराक म्हणजे काजूची हंगामी दारू आली, आणि १५ मार्चच्या संध्याकाळी तावेर्नाच्या बाकावर लिमका घातलेल्या उराकाच्या दुसऱ्या ग्लासाबरोबर कोणीतरी पाकीट पुढे केलं. "एक ओडल्यार कितें जाता?" एकाने खरंच काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या, आठवड्याने बारा.

म्हणून या वेळी कॅलेंडर बघून श्रावण धरला. आपल्याकडे श्रावण पाळणारी घरं अजून पुष्कळ आहेत. नुस्तं म्हणजे मासळी बंद, दारू बंद, शनिवारचे मित्रही आपापल्या घरी. ज्यांच्या घरी पाळत नाहीत त्यांनाही "श्रावण आहे" एवढं सांगितलं की कोणी आग्रह करत नाही. शिवाय बाहेर धो धो पाऊस, गाड्यापर्यंत जाणंच जिकिरीचं. हा महिना फुकटात मिळतो, घ्या.

दोन धोके आहेत. एक, श्रावणी सोमवार कडक करू नका. रिकाम्या पोटाची भूक आणि सिगारेटची तलफ पहिल्या आठवड्यात एकसारखीच लागते, ओळखू येत नाही. दुसरा मोठा. श्रावण संपतो. नुस्तं सुरू होतं त्या दिवशी मनाच्या कोपऱ्यातून आवाज येतो की व्रत संपलं, आता सगळंच मोकळं. त्यामुळे "श्रावणापुरती सोडतोय" असं गमतीनेही म्हणू नका, स्वतःशीसुद्धा.

श्रावण लांब असेल तर थांबू नका. फक्त घरातलं लग्न, शिगमा, गावची जत्रा आणि उराकाचे दिवस टाळून कुठलाही दिवस धरा.

पहिले तीन दिवस

आदल्या रात्री घर धुंडाळा. लायटर, ॲशट्रे, खिडकीच्या चौकटीतली काडेपेटी, स्कूटरची डिकी, सगळ्या पँटचे खिसे. सापडलेल्या सिगारेटी नुसत्या कचऱ्यात टाकू नका, बादलीत भिजवून मग टाका. कचऱ्यातून परत काढलेली सिगारेट मी आयुष्यात एकदा ओढली आहे, म्हणून सांगतो. एवढं करूनही पाचव्या दिवशी रेनकोटच्या आतल्या खिशात मला अर्धं पाकीट मिळालं, ओलसर, चुरगळलेलं. पाऊस पडत होता, मी गेटाबाहेर एकटा होतो आणि जवळ काडी नव्हती. काडी असती तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

पाकीट भिजवण्याआधी त्याच्यावरचा नंबर मात्र उतरवून घ्या: १८००-११-२३५६. तंबाखू सोडणाऱ्यांसाठीची ही सरकारी मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. समुपदेशक सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोनही करतात. मला वाटलं होतं कोणी तरी व्याख्यान देईल. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "उठल्यावर पहिली किती मिनिटांनी ओढता?"

शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच अंग कुरकुरायला लागतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. डोकं जड, लक्ष लागत नाही, चिडचिड, हाताला चाळा हवा. कारखान्यात मी एका पोराला किरकोळ चुकीवरून इतकं बोललो की संध्याकाळी जाऊन माफी मागावी लागली. घरात आणि कामावर आधीच सांगून ठेवा की पंधरा दिवस माझं बोलणं मनावर घेऊ नका. त्रासाचा मोठा भाग तीन-चार आठवड्यांत ओसरतो.

एक हिशेब लक्षात ठेवा. तलफ दिवसभर येत राहते, पण एकेक तलफ मोजून काही मिनिटांचीच असते. रायबंदरहून फेरी सुटली की चोडणला लागेपर्यंत जेवढा वेळ जातो, साधारण तेवढाच तिचा जोर. घड्याळात बघून ठेवा आणि तेवढा वेळ काकण चावा, तोंडावर पाणी मारा, कोणाला तरी फोन लावा, पायऱ्या चढा-उतरा. ती विरेपर्यंत काही ठरवायचं नाही, एवढाच नियम.

चहा अर्धा करा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि पहिला आठवडा त्यामुळेच वाया गेला. आधी दिवसाला सहा-सात चहा आणि घरी सकाळी कॉफी असा माझा रतीब होता. सिगारेट बंद केल्यावर तिची जागा भरायला चहा वाढला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हात कापायला लागले, छातीत धडधड, रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडायचं. मला वाटलं हे निकोटिनचं. आमच्याच औषध कारखान्यातल्या क्वालिटीच्या एका मॅडमनी उलगडा केला.

सिगारेटच्या धुरातल्या डांबरासारख्या द्रव्यांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात काम करत असतं, आणि चहा-कॉफीतलं कॅफिन शरीराबाहेर काढण्याचं काम तेच करतं. धूर बंद झाला की काही दिवसांत ते आपल्या मूळ गतीवर येतं. मग तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट साठतं. म्हणजे आपण चार कप पितो आणि अंगाला आठ लागतात. निकोटिनची गम किंवा अंगाला चिकटवायची पट्टी वापरली तरी हे टळत नाही, कारण यात हात धुराचा आहे, निकोटिनचा नाही.

उपाय सोपा. सोडल्याच्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा आणि दुपारी चारनंतर बंद. मी गाड्यावर जाणं बंद केलं नाही, अर्धा कप मागायला लागलो. तीन दिवसांत झोप लागली.

याच कारणामुळे काही औषधांचं प्रमाणही बदलावं लागतं. दम्यासाठी थिओफिलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेत असाल तर सोडण्याआधीच डॉक्टरला सांगा. मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्यांनीही साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी.

पोट, तोंड, छाती

ज्याविषयी कोणी चारचौघांत बोलत नाही ते आधी. सकाळच्या सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही ही नुसती समजूत नाही, निकोटिन आतड्यांना खरोखर ढकलतं. ते बंद झालं की पहिले दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं, आणि पुष्कळ जण याच एका कारणासाठी परत ओढतात. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री पपई, दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, तरीही नाहीच झालं तर इसबगोल. मागच्या दारी उभं राहण्याऐवजी मी वाड्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, एक फेरी मारून यायला लागलो. दहाव्या दिवशी गाडी रुळावर आली.

तोंड येतं. जिभेच्या कडेला, गालाच्या आत छोटे फोड. तिखट आठवडाभर कमी करा, आपोआप जातात.

खोकला वाढला तर घाबरू नका. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला कफ वर ढकलणारे बारीक केस असतात, धुराने ते बधिर झालेले असतात. ते जागे होतात आणि साठलेला गाळ बाहेर काढायला लागतात. मला दुसऱ्या आठवड्यात सकाळी करडे ठिपके असलेला कफ पडायचा. बायको म्हणाली, ओढत होतास तेव्हा इतका खोकत नव्हतास. खरं होतं. महिना-दीड महिन्याने तो कमी झाला आणि अग्रशाळेच्या पायऱ्या न थांबता चढलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की काहीतरी बदललंय.

वास आणि चव फार लवकर परत येतात, दोन-तीन दिवसांतच जाणवायला लागतं. याची दुसरी बाजू म्हणजे आपलाच जुना रेनकोट नाकाशी धरवत नाही.

वजन वाढतं, खोटं कशाला बोला. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. भूक लागते आणि तोंडाला चाळा हवा असतो. श्रावणात पातोळ्या, चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला नेवऱ्या, म्हणून तर गोड गोळ्यांची सवय लावून घेऊ नका म्हटलं. पण पहिल्या तीन महिन्यांत डाएटही सुरू करू नका. एका वेळी एकच लढाई. माझे साडेतीन किलो वाढले, त्यातले दोन अजून माझ्याकडेच आहेत.

आणि स्वप्नं पडतात. आपण मजेत ओढतोय, आणि जाग आल्यावर अपराधी वाटतं. पुष्कळांना पडतात, त्यांचा काही अर्थ लावत बसू नका.

गम आणि पट्टी

नुसत्या निर्धाराने सोडणारे असतात, मी त्यातला नव्हतो. निकोटिनची गम म्हणजे हार, असं समजणाऱ्यांनी एवढंच बघावं की तिच्यात धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. २ मिलिग्रॅमची गम फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची हवी तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्यांना सहसा ४ ची सांगतात. फोनवरच्या बाईंनी तो पहिला प्रश्न याचसाठी विचारला होता.

ती च्युइंगगमसारखी चघळायची नसते, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. हळूहळू चावा, तोंडात तिखटसर झिणझिण आली की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झिणझिण गेली की पुन्हा चार वेळा चावा, पुन्हा ठेवा. असं अर्धा तास. भराभर चघळून लाळ गिळली तर उचक्या लागतात, घशाशी जळजळतं आणि निकोटिन पोटात फुकट जातं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना काही आंबट पिऊ नका, कारण आंबटपणामुळे निकोटिन तोंडात शोषलंच जात नाही. म्हणजे सोलकढी, कोकम सरबत, लिंबूपाणी आणि कॉफीसुद्धा नाही. मी जेवणात सोलकढी पिऊन लगेच गम टाकायचो आणि "ही काही कामाची नाही" म्हणून आठवडाभर फार्मसीवाल्याच्या नावाने खडे फोडत होतो.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद, असा साधारण क्रम असतो. दिवसाला २४ च्या वर जाऊ नये. पट्टी २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमची येते, मोठीवरून छोटीवर उतरायचं. रात्री भलती स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा. याशिवाय व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन या गोळ्या आहेत, त्या डॉक्टरने दिल्या तरच. हृदयविकार असेल, फिट येत असतील किंवा गरोदर असाल तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नका. जिल्हा इस्पितळात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन कुठे मिळतं ते विचारा, हिंमत लागते ती पहिल्या खेपेलाच.

व्हेपवर जाण्याचा सल्ला मिळेल. ई-सिगारेटची विक्री भारतात २०१९ पासून बंद आहे. जे मिळतं ते चोरून आलेलं असतं आणि त्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गुटखा-खैनीवर जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

माणसं

"मी सोडलीय" म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. कधीपासून? किती दिवस टिकते बघू. त्याऐवजी "मी ओढत नाही" म्हणा. अनोळखी माणूस तिथेच थांबतो. ओळखीचा हसतो, हसू दे.

आपल्याला वाटतं सगळं जग ओढतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात कुठल्याही स्वरूपात तंबाखू घेणारे प्रौढ शंभरात दहाही भरले नव्हते, ९.७ टक्के, देशातल्या राज्यांत सगळ्यात कमी. आपण त्या दहांच्या घोळक्यात उभे राहतो, एवढाच फरक. कँटीननंतर मी मेंटेनन्सच्या दोघांना सोडून स्टोअर्सच्या मंडळींबरोबर बसायला लागलो. आधी वाईट वाटलं, दोघांनीही एक-दोनदा टोमणे मारले. महिन्याभराने त्यातला एक कागद कसा करायचा ते विचारायला आला.

चवथ आणि नरकासुर

श्रावणाच्या पहिल्या दिवशी सोडली असेल तर चवथ साधारण चौतिसाव्या दिवशी येते. अंगाचा त्रास संपलेला असतो, आणि तोच धोका. आपण जिंकलो असं वाटतं. चवथीला मूळ घरी सगळे चुलतभाऊ जमतात, माटोळी बांधून होते, आरत्या होतात, घुमट वाजतं आणि मग रात्री दोन वाजता मागच्या अंगणात पाच-सहा ठिणग्या दिसतात. तिथे बसून पत्ते खेळायचे होते. मी अर्धा तास बसलो, मग "आई बोलावतेय" म्हणून उठलो. आई झोपली होती. खोटं बोलून उठायला लाज वाटू देऊ नका.

दुसऱ्या महिन्यात तलफ रोज येत नाही. येते ती अचानक, विनाकारण, आणि म्हणून तयारीशिवाय गाठते. तालीम सुरू झाली तेव्हा माझं असंच झालं. दुसरा अंक संपला, पाय आपोआप अग्रशाळेबाहेर. मग दिग्दर्शकाला सांगून त्या दहा मिनिटांत प्रॉम्प्टरची वही माझ्याकडे घेतली. लोकांच्या चुका काढण्यात वेळ बरा जातो.

साधारण अठ्ठ्याऐंशीवा दिवस नरकचतुर्दशीचा. तिच्या आधीच्या रात्री म्हणजे नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा, कागद, गोंद, स्पीकर आणि पहाटेपर्यंत जागरण. वाड्यावरच्या पोरांना मदत करायला गेलात तर जागरण, थंड पेय आणि धूर तिन्ही एकदम अंगावर येतात. हाताला गोंद लावून घ्या. चिकट हाताने सिगारेट धरता येत नाही, हे मी करून बघितलंय. जाळून झालं की अंघोळ करून फोव खायला घरी.

दारूबद्दल एकच सांगतो. पहिले तीन महिने शक्य तर नकोच, कारण पोटात गेली की आपला कागद आपल्यालाच आठवत नाही. माझ्या ७४ दिवसांचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

घसरलात तर

एक ओढलीत तर ती एक झाली. "आता मोडलंच, नव्या महिन्यापासून बघू" हे वाक्य त्या सिगारेटपेक्षा महाग पडतं. उरलेली भिजवा, कागद काढा, कुठे, किती वाजता, कोणाबरोबर ते लिहा. बहुतेक वेळा तुमच्या यादीत नसलेली जागा असते. ती यादीत घाला आणि त्याच संध्याकाळपासून पुढे चला. विकत मात्र घेऊ नका. कोणाकडे मागून एक ओढणं आणि पाकीट घेणं यात फार अंतर आहे.

पैशांचा हिशेब माझ्या मुलीने केला. एका सुटीचे वीस रुपये धरा, दिवसाला बारा म्हणजे २४० आणि महिन्याचे ७,२०० रुपये. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तिने आकडा फ्रिजवर चिकटवला आणि खाली स्वतःसाठी सायकल हवी असल्याचं लिहिलं.

डॉक्टरकडे कधी

छातीत दुखणं किंवा कफात रक्त, लगेच, त्याच दिवशी. खोकला दोन आठवड्यांहून लांबला तर "सोडल्यामुळे असेल" म्हणून बसू नका, क्षयाची तपासणी करून घ्या. आणि उदासी. चार दिवस उदास वाटणं ठीक आहे, पण दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर फोन करा किंवा सरळ डॉक्टर गाठा. त्यासाठी परत सिगारेट पेटवणं हा उपाय नाही.

यंदाचा उराकही आला. मी तावेर्नात एकदा गेलो, लिंबूसोडा घेतला, वीस मिनिटांत उठलो आणि घरी येऊन ती ओळ खोडली. सतरापैकी एकच उरलीय: मुंबईची रात्रीची बस, जेवणाला थांबते तो ढाबा, मामेभावाबरोबर. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न आहे, दादरला. तिकीट काढलंय. निघायच्या सकाळी पोदेराकडून काकणं घ्यायची आहेत, सहा.